सत्कार आणि सभा



सुवर्णमहोत्सवानिमित्त ग्रामपंचायतीने ट्रस्टच्या अभिनंदनाचा ठराव करावा, अशी सूचना काही बंधूंनी मांडली आहे. सूचना योग्यच आहे. माझे निवेदन त्यापुढचे आहे.

सोलापूरचे तत्कालीन नगराध्यक्ष माणिकचंद शहा हे नाव नव्या पिढीस सांगावे लागते. 6 एप्रिल 1930 रोजी, दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. पुढे गोळीबार झाला, मार्शल लॉ आला, 12 जानेवारी 1931 रोजी सोलापूरचे चौघे फासावर गेले. त्या काळी नगरपालिकेतील खुर्ची शाल-श्रीफळाची नव्हती.

27 जानेवारी 2014 रोजी केंद्र शासनाने जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्यातील सवलती आपण तत्परतेने समजून घेतल्या. (व्यापाऱ्यास सवलत लवकर कळते!) गावातील हक्काचे काय?

शहरात नगरपालिकेच्या सभेत नागरिक प्रेक्षक असतो, बोलतात ते नगरसेवक. केममध्ये मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. महिलांची सभा तर त्याआधी स्वतंत्र होते. कुंकवाच्या कारखान्यातील मजूर भगिनीही तेथे पाण्याचा प्रश्न मांडू शकते. आपण मात्र तो दुकानाच्या गादीवर बसून चर्चितो.

म्हणून ठरावासाठी जाणाऱ्या मंडळींनी सभा संपेपर्यंत बसावे. पाणी, गटारे, रस्ते हे विषय आपलेही आहेत. येत्या सभेसाठी प्रत्येक घरातून एक बंधू व महिला सभेसाठी एक भगिनी, अशी नावे आजच कार्यवाहांकडे नोंदवावीत.