‘माझ्यानें काय होणार ?’

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं मागें वळून पाहावें, पूर्वजांचे उपकार आठवावे आणि देवाचे आभार मानावे, ही आपली चाल आहे व ती योग्यच आहे. पन्नास वर्षांत या वेदीसमोर किती बाळांचा बाप्तिस्मा झाला, किती वधूवरांनीं हातांत हात दिले, किती वृद्धांनीं येथून शेवटचा निरोप घेतला, याचा हिशेब देवापाशीं आहे. परंतु आज मी मागच्या वर्षांविषयीं बोलणार नसून, पुढच्या वर्षांच्या वाटेंत आडवी पडलेली एक धोंड आपणांस दाखविणार आहें. ती धोंड गरिबीची नव्हे, वैऱ्याची नव्हे, किंवा अश्रद्धेचीहि नव्हे. चांगल्या, भाविक, देवभीरु माणसांच्याच तोंडीं वारंवार येणारें एक लहानसें वाक्य, तीच ती धोंड. तें वाक्य असें : “माझ्यानें काय होणार ?”

फादर एखाद्या तरुणास सांगतात, कीं रविवारीं मुलांस धर्मशिक्षण दे. तो म्हणतो, माझें शिक्षण तें किती! एखाद्या गृहस्थास आजाऱ्यांच्या समाचाराला जावयास सांगावें, तर तो म्हणतो, मला बोलतां येत नाहीं. एखाद्या मुलीच्या मनांत धर्मभगिनी होण्याची इच्छा उगवते, आणि ‘मी कोठें, तें पवित्र जीवन कोठें’ असें म्हणून ती आपल्याच हातानें तो अंकुर खुडून टाकते. एखादा बाप घरांतली सायंकाळची रोझरी सोडून देतो. कां, तर ज्या तोंडानें दिवसभर शिव्या दिल्या, त्या तोंडानें मुलांपुढें प्रार्थना कशी म्हणावी, याची त्यास लाज वाटते. हीं माणसें वाईट नाहींत, आळशीहि नाहींत. आपली उणीव त्यांस दिसते, आणि ती उणीव खरीच असते. म्हणूनच या वाक्यास ‘छे, छे, तुम्ही फार लायक आहां’ असें गोड उत्तर देऊन भागत नाहीं. तसें उत्तर खोटें होईल, आणि देव कोणास खोटा धीर देत नाहीं.

मग देव काय उत्तर देतो, तें पवित्र शास्त्रांत पाहूं. मोशे आपल्या सासऱ्याचीं मेंढरें घेऊन होरेब डोंगरापाशीं आला असतां, जळत असूनहि भस्म न होणाऱ्या झुडुपांतून देवानें त्यास हांक मारली आणि मिसरच्या राजाकडे जाण्याची आज्ञा केली. मोशेचें पहिलें उत्तर हेंच, कीं एवढ्या कामाला मी कोण ? येथें आपण लक्ष द्यावें. ‘तूं राजवाड्यांत वाढलेला आहेस, दरबारची रीत तुला ठाऊक आहे’ असें देवानें म्हटलें नाहीं. वास्तविक तसें म्हणतां आलें असतें. मोशे कोण, याची चर्चाच त्यानें केली नाहीं. आपण त्याच्यासोबत राहूं, एवढें आश्वासन दिलें. पुढें मोशेनें आपल्या जड जिभेचें गाऱ्हाणें मांडलें. देवानें ती जीभ त्या क्षणीं हलकी केली नाहीं. ती घडविणारा कोण, याची आठवण मात्र करून दिली. येथपर्यंत देव रागावलेला नाहीं. आपली उणीव त्याच्यापुढें सांगणाऱ्यावर देव कधींच रागावत नाहीं. परंतु शेवटीं, दुसऱ्या कोणास तरी पाठवावें, असें जेव्हां मोशे म्हणाला, तेव्हां मात्र देवाचा कोप झाला. आणि त्या कोपांतहि केवढी दया ! मोशेचा भाऊ अहरोन त्यास भेटावयास निघालाच होता. तोच मोशेचें तोंड होईल, असें देवानें ठरविलें.

या एका प्रसंगांत आपल्या विषयाचें सार आलें आहे. देव मनुष्याची दुर्बलता आधीं काढून घेऊन मग त्यास बोलावीत नाहीं, दुर्बलतेसकट बोलावतो. लायकीचा दाखला देण्याऐवजीं तो स्वतःची संगत देतो. आणि ही संगत पुष्कळदां एखाद्या अहरोनाच्या रूपानें आपल्या दारीं येते.

हें फार पुरातन झालें, असें कोणी म्हणेल. म्हणून धर्मग्रामाच्या महोत्सवास शोभेल असें अलीकडच्या काळांतलें एक चरित्र मी आपणांपुढें ठेवतों. ज्यांस १९२५ सालीं पोप पायस अकरावे यांनीं संतपद दिलें, आणि १९२९ सालीं जगांतील सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून नेमलें, त्या संत जॉन मेरी व्हियानी यांचें तें चरित्र होय.

फ्रान्स देशांत लियॉन शहराजवळ दार्दिली नांवाच्या खेड्यांत, एका शेतकऱ्याच्या घरीं, ८ मे १७८६ रोजीं त्यांचा जन्म झाला. ते तीन वर्षांचे असतांना राज्यक्रांति झाली. पुढें देवळें बंद पडलीं, धर्मगुरु लपून राहूं लागले, आणि या मुलानें पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला तोहि चोरून, दारें-खिडक्या लावलेल्या घरांत. बाळपण शेतांत राबण्यांत गेलें. शाळा अशी फारशी झालीच नाहीं. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते एक्युली येथील फादर बाले यांच्याकडे लॅटिन शिकावयास बसले; पण ती भाषा कांहीं केल्या डोक्यांत शिरेना. सोबतचे विद्यार्थी वयानें लहान, आणि धड्यांत पुढें. मन खचलें, तेव्हां संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांच्या समाधीपर्यंत त्यांनीं पायीं यात्रा केली; वाटेंत भिक्षा मागून अन्न खाल्लें. परत आल्यावर ते एकाएकीं विद्वान् झाले नाहींत. धीर सुटूं नये, एवढेंच बळ त्यांस मिळालें.

१८१३ सालीं ते लियॉनच्या सेमिनरींत दाखल झाले. तेथें सर्व शिक्षण लॅटिनमधून चाले. जेथें प्रश्नच समजेना, तेथें उत्तर कोठून येणार ! कांहीं महिन्यांतच त्यांस परत पाठविण्यांत आलें. वय सत्तावीस, हातीं विद्या नाहीं, आणि ज्या एका गोष्टीसाठीं जन्म वाहावयाचा होता तिचेंच दार बंद झालेलें. ‘माझ्यानें काय होणार’ असें म्हणण्याचें कारण त्या दिवशीं या तरुणाइतकें कोणापाशीं असेल ?

परंतु फादर बाले यांनीं त्यांचा हात सोडला नाहीं. त्यांनीं त्यांस पुन्हां आपल्या घरीं ठेवून घेतलें, तेच धडे पुनःपुन्हां समजावून दिले. आणि पुढच्या परीक्षेंतहि अपयश आलें तेव्हां स्वतः वरिष्ठांकडे खेटे घालून मातृभाषेंत परीक्षा घेवविली. फ्रेंच भाषेंत विचारतांच शिष्यानें समाधानकारक उत्तरें दिलीं. हा तरुण भक्तिमान् आहे काय, जपमाळ म्हणतो काय, एवढेंच बिशपांच्या मुख्य प्रतिनिधींनीं विचारून घेतलें, आणि बाकीचें देवाची कृपा करील, अशा अर्थाचें बोलून अनुज्ञा दिली. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रनोब्ल येथें त्यांस धर्मगुरुदीक्षा मिळाली. तेव्हां ते २९ वर्षांचे होते.

१८१८ सालीं त्यांस आर्स या गांवीं नेमण्यांत आलें. गांव तें केवढें ! वस्ती सुमारें २३० माणसांची. रविवारीं लोक शेतांत राबत, गुत्त्यांत बसत, आणि देऊळ ओस पडे. नव्या धर्मगुरूंची स्मरणशक्ति अशी, कीं कष्टानें पाठ केलेलें प्रवचन कधीं कधीं मधेंच विसरत व ओशाळून खालीं उतरत. परंतु पहांटेच्या अंधारांत ते वेदीसमोर गुडघे टेकून आपल्या लोकांसाठीं रडत, घरोघर जात, आणि जवळचें असेल तें देऊन टाकीत. १८२४ सालीं त्यांनीं गरीब मुलींसाठीं शाळा उघडली व पुढें अनाथ मुलींस तेथें आसरा दिला. हळूहळू गांव पालटलें. मग परगांवचे लोक येऊं लागले. आणि पुढें पुढें वर्षाकाठीं हजारों पश्चात्तापी जीव त्यांच्यापाशीं पापनिवेदन करण्यासाठीं त्या आडगांवची वाट तुडवूं लागले. दिवसाचे बारा बारा, सोळा सोळा तास ते त्या आसनावर बसून असत. ज्यांस सेमिनरीनें अपुरे ठरविलें होतें, त्यांच्याकडे विद्वान् व बिशपहि सल्ल्यास येत.

येथें चरित्र संपलें असतें, तर ‘शेवटीं ते यशस्वी झाले आणि त्यांचा संशय फिटला’ असें आपण म्हटलें असतें. पण तसें झालें नाहीं, आणि माझ्या मतें हाच या चरित्राचा आपणांस सर्वांत उपयोगी भाग आहे. त्यांचा स्वतःविषयींचा संशय कधींच फिटला नाहीं. आसपासच्या कांहीं धर्मगुरूंनीं, हा मनुष्य अज्ञानी आहे, अशी बिशपांकडे तक्रार लिहिली. तो कागद चुकून त्यांच्याच हातीं आला, तेव्हां तक्रार खरीच आहे असें मानून त्यांनीं त्यावर आपली सही केली व तो पुढें पाठवून दिला. एकदां त्यांनीं देवाजवळ मागणें केलें, कीं मी कसा आहें तें मला दाखीव. तें दर्शन इतकें असह्य झालें, कीं तें कांहीं कमी करावें, अशी त्यांस पुन्हां विनवणी करावी लागली. आपण या धर्मग्रामास पात्र नाहीं, कोठेंतरी एकांतांत जाऊन आपल्या पापांसाठीं रडत बसावें, या विचारानें त्यांनीं एकाहून अधिक वेळां आर्स सोडून जाण्याचा प्रयत्न केला. १८५३ सालीं ते रात्रीं निघाले, तेव्हां देवळाची घंटा वाजूं लागली, लोक धांवून आले, त्यांनीं वाट अडविली; आणि म्हातारे धर्मगुरु मागें फिरून पुन्हां आपल्या आसनावर जाऊन बसले. तेथेंच त्यांनीं आणखी सहा वर्षें काढलीं. ४ ऑगस्ट १८५९ रोजीं त्यांचें देहावसान झालें, तोंपर्यंत आर्समध्यें त्यांस एकेचाळीस वर्षें झालीं होतीं.

यावरून काय शिकावें ? पहिलें हें, कीं देवावर भरंवसा ठेवणें म्हणजे स्वतःविषयीं खात्री वाटणें नव्हे. पुष्कळ भाविक अशी वाट पाहत बसतात, कीं आधीं मनांतली भीति जाऊं दे, मग मी पुढें होईन. बंधूंनो, ती भीति कदाचित् जाणारच नाहीं. संत व्हियानी यांची गेली नाहीं. त्यांनीं भीतीसह काम केलें. दुसरें हें, कीं विनय आणि भय हीं एकाच झग्यांत हिंडतात. त्यांस ओळखावें कसें? दोघेंहि म्हणतात, कीं मी दुबळा आहें. परंतु विनय एवढें बोलून देवाकडे पाहतो आणि कामाला लागतो. भय एवढें बोलून स्वतःकडेच पाहत राहतें आणि घरीं बसतें. तिसरें हें, कीं हांक कोणाची, तें पाहावें. मान मिळावा म्हणून आपणच धरलेल्या हट्टास देवाचा आधार मागूं नये. पण जी हांक धर्मसभेच्या मुखानें, आपल्या कर्तव्याच्या किंवा शेजाऱ्याच्या गरजेच्या रूपानें येते, ती नाकारतांना मात्र दहा वेळां विचार करावा.

फ्रान्स दूर वाटत असेल, तर आपल्या वसईकडे पाहा. सोळाव्या शतकांत तेथें जन्मलेले गोन्सालो गार्सिया तरुणपणीं जपानांत येशूसंघीय धर्मगुरूंचे साहाय्यक म्हणून राबले. त्या संघांत आपणांस घ्यावें ही त्यांची इच्छा पुरी झाली नाहीं. त्यांनीं व्यापार केला. पण हांक विसरली नाहीं. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून शिरले. आणि १५९३ सालीं त्या संघाच्या धर्मगुरूंस जपानांत जावयाचें झालें, तेव्हां दुभाषी म्हणून याच बंधूची गरज पडली. नकाराच्या वर्षांत शिकलेली भाषा देवानें फुकट जाऊं दिली नाहीं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं प्राण अर्पण केला, आणि १८६२ सालीं ते संतमालिकेंत गेले.

आतां शेवटची गोष्ट सांगतों, आणि ती आपणां सर्वांस लागू आहे. मोशेला अहरोन मिळाला, व्हियानींस फादर बाले मिळाले. आपल्या धर्मग्रामांतल्या दुबळ्यांस कोण मिळतें ? एखादा पोरगा पहिल्यानें वाचन करावयास उभा राहतो, शब्द अडखळतो, आणि बाकांवरून हंसूं ऐकूं येतें. तो पुन्हां उभा राहत नाहीं. आणि पुढें आपणच तक्रार करतों, कीं हल्लींचे तरुण देवळाच्या कामांत लक्ष घालीत नाहींत! ‘माझ्यानें काय होणार’ हें वाक्य कित्येकांच्या तोंडीं आपणच घातलेलें असतें. तेव्हां या महोत्सवाची खरी भेट म्हणून प्रत्येकानें दोन निश्चय करावे : एक, जें काम मी भीतीनें टाळीत आलों, तें देवाचें नांव घेऊन हातीं घेईन, आणि दुसरा, निदान एका अडखळणाऱ्याचा मी फादर बाले होईन. त्या बापानें आज संध्याकाळीं रोझरी हातीं घ्यावी. तोंड अपवित्र वाटत असेल, तर तें धुण्याची जागाहि प्रार्थना व पापनिवेदन हीच आहे.

या धर्मग्रामाचा पाया ज्यांनीं घातला, तेहि कांहीं मोठे सामर्थ्यवान् नव्हते. तीं आपल्यासारखींच साधीं माणसें होतीं. त्यांच्या दुबळ्या हातांत ज्यानें बळ घातलें, तो प्रभु येशू आपल्याहि हातांत बळ घालो. पवित्र मरिया माता, जिनें स्वतःस दासी म्हणवून देवाच्या इच्छेस होकार दिला, ती आपणांस तोच होकार शिकवो. आणि पुढच्या पन्नास वर्षांनीं जे येथें जमतील, त्यांस आपल्याविषयीं एवढें म्हणतां येवो, कीं हीं माणसें दुबळीं होतीं, तरी हांक आली तेव्हां ‘दुसऱ्यास पाठीव’ असें म्हणालीं नाहींत.

आमेन.