राजीनाम्याची मुदत कोणाची?

(शाळेच्या हीरकमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरकमहोत्सवात सत्कार होतो तो टिकून राहिलेल्यांचा. ज्यांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे एकाच फळ्यासमोर घालवली त्यांना शाल-श्रीफळ मिळते, आणि ते उचितच आहे. परंतु कोणत्याही शाळेचे साठ वर्षांचे हजेरीपुस्तक उघडून पाहिले, तर मध्येच थांबलेली नावेही पुष्कळ दिसतात. कोणाला सरकारी नोकरी लागली, कोणाच्या घरी बदली झाली, कोणाचे आईवडील गावी थकले, कोणाला या महानगरातले घरभाडे पेलवेना. या मंडळींचा उल्लेख समारंभात सहसा होत नाही. आज मला त्यांच्याविषयी, म्हणजे शिक्षकाने शाळा सोडण्याच्या रीतीविषयी, थोडे बोलायचे आहे. विषय कागदोपत्री वाटेल. परंतु शाळेच्या नीतिमत्तेची कसोटी जितकी नेमणुकीच्या वेळी लागते, तितकीच ती निरोपाच्या वेळी लागते.

नोकरी सोडण्याआधी महिना किंवा तीन महिने सूचना द्यावी, ही अट सर्वांच्या परिचयाची आहे. प्रश्न असा की, ही मुदत असते कोणाची? संस्थाचालकांना ती आपली वाटते. शिक्षकाला तो आपल्या पायातला दोर वाटतो. माझे म्हणणे असे की, ती मुदत दोघांचीही नाही. ती वर्गात बसलेल्या मुलांची आहे. करारावर ज्यांची सही नसते, त्यांच्यासाठीच ती राखून ठेवलेली असते.

हे केवळ भावनेने सांगत नाही. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा अधिनियम आहे आणि त्याखाली 1981 ची नियमावली आहे. ती आपल्या कर्नाटकात लागू नाही. येथे 1983 चा कर्नाटक शिक्षण अधिनियम आहे, आणि मुदतीचा तपशील प्रत्येक शिक्षकाने आपल्या नेमणूकपत्रात पाहावा. तरीही त्या नियमावलीतील चाळिसावा नियम प्रत्येक मराठी शाळेने वाचण्याजोगा आहे. कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची व अस्थायी कर्मचाऱ्याने एक महिन्याची सूचना द्यावी, असे तो प्रथम सांगतो. व्यवस्थापनाची संमती असल्यास तितक्या काळाचे मूळ वेतन भरून लवकर मोकळे होता येते. येथवर हा नियम इतर कोणत्याही नोकरीसारखाच आहे.

पुढे मात्र तो शाळेचा नियम होतो. सुटी मिळणाऱ्या कर्मचाऱ्याने सुटीत राजीनाम्याची सूचना देऊ नये, सुटीचा कोणताही भाग त्या मुदतीत येईल अशा बेताने देऊ नये, आणि वर्षाचे पहिले सत्र सुरू झाल्यापासून महिन्याच्या आतही देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. कारण उघड आहे. सुटीत मूल शाळेत नसते, म्हणून ते दिवस मुदतीत धरायचे नाहीत. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. एखाद्या शिक्षिकेने दसऱ्याच्या सुटीच्या तोंडावर महिन्याची सूचना दिली, तर कागदावर महिना पूर्ण भरतो. वर्गाच्या वाट्याला मात्र जेमतेम आठ-दहा दिवस येतात. मुलाच्या नजरेतून दिवस मोजले, तर हा फरक ध्यानात येतो.

त्याच नियमात आणखी एक मार्मिक तरतूद आहे. सूचना न घेता आणि वेतनही न भरून घेता व्यवस्थापनाने कोणाला लवकर सोडले, तर तेवढ्या प्रमाणातील रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. म्हणजे संस्था उदार झाली तरी ती मुदत तिला परस्पर माफ करता येत नाही. जे आपले नाही ते माफ करण्याचा अधिकारही आपला नसतो, एवढे साधे तत्त्व त्यामागे मला दिसते.

आता दुसरी बाजू. त्याच 1977 च्या अधिनियमाचे सातवे कलम सांगते की, राजीनामा देणाऱ्याने पत्राच्या दोन प्रती कराव्यात, दोहोंवर सही करावी, तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. एवढा काटेकोरपणा कशासाठी? तारखेवाचून सही केलेला राजीनामा रुजू होतानाच लिहून घ्यायचा आणि नको त्या दिवशी कपाटातून बाहेर काढायचा, हा प्रकार शिक्षणक्षेत्राला अपरिचित नाही. आपल्या पायांनी टपालकचेरीत जाऊन पाठवलेला राजीनामा तो आपलाच असतो. सर्वोच्च न्यायालयानेही 1978 साली एका उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, पुढील तारखेपासून अमलात येणारा राजीनामा त्या तारखेपूर्वी मागे घेता येतो. मुदत ही पुनर्विचाराचीही जागा असते.

या विषयाला मराठी शिक्षणाच्या इतिहासात थोर दाखला आहे. 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. तेथील आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली होती. तरीही संस्थापकांपैकी एक असलेल्या लोकमान्य टिळकांनी 1890 च्या अखेरीस राजीनामा दिला. सदस्यांनी बाहेरची कामे करून मिळकत वाढवावी की नाही, यावरील मतभेद त्याच्या मुळाशी होते. या वादात बरोबर कोण, यावर चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र त्या वर्गातल्या मुलांचे कोडे अधिक जवळचे वाटते : उद्या गणित कोण शिकवणार?

त्या प्रश्नाचे उत्तर गोपाळ कृष्ण गोखले यांनी शोधले. मुंबईत शिकवणी आणि शाळांतून अध्यापन करणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांना त्यांनी गणितासाठी बोलावून घेतले, आणि कर्वे 1891 साली फर्ग्युसनमध्ये रुजू झाले. पुढे 1914 पर्यंत ते तेथेच शिकवत राहिले. महर्षी कर्वे म्हणून आपण ज्यांना वंदन करतो, ते त्या कॉलेजात आले एका राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागी. स्वतः गोखले 1902 साली निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात आपण का जात आहोत हे त्यांनी विद्यार्थ्यांना समजावून सांगितले. इतक्या मोठ्या माणसांच्या जाण्या-येण्यातून ती संस्था तगली, याचे कारण रिकाम्या खुर्चीची काळजी वाहणारे कोणीतरी तेथे होते.

पुण्यात त्या काळी गणित शिकवणारा मराठी पदवीधर शोधणे अवघड होते. आज बेंगळूरूमध्ये मराठी माध्यमातून शिकवणारा शिक्षक शोधणे त्याहून सोपे नाही. कर्नाटकातील मराठी शाळा मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी आणि तिकडे बीदर, भालकी, औराद या भागांत आहेत. मराठीतून अध्यापनाचे शिक्षण घेतलेला उमेदवार तिकडचाच असतो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून तो मुलाखतीला येतो, इथले भाडे ऐकतो आणि विचारात पडतो. इंग्रजी शाळेची रिकामी जागा आठवड्यात भरते. आपली जागा भरायला सत्र जाते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले जातात. अशा लहान शाळेतून एक जण गेला, तर अर्धी शाळाच गेली! दहावीच्या वर्गाला मार्चच्या परीक्षेआधी विज्ञानाचा शिक्षक बदलला, तर त्याची किंमत मुले गुणपत्रिकेवर मोजतात.

म्हणून जाणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. जाणे हा तुमचा हक्क आहे. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. मात्र शक्य तेथे वार्षिक परीक्षेनंतरची तारीख धरा, आणि जाण्यापूर्वी चार गोष्टी लिहून ठेवा : कोणता घटक कुठवर झाला, कोणत्या मुलाला काय जमत नाही, वह्या व गुणनोंदी कोठे आहेत, आणि कोणत्या घरी काय अडचण आहे. यांतील शेवटची गोष्ट कोणत्याही नोंदवहीत नसते. ती तुमच्याबरोबर निघून गेली, तर नव्या शिक्षकाचे सहा महिने ती शोधण्यात जातात. आणि मुलांना स्वतःच्या तोंडून सांगून जा. सोमवारी अचानक दुसरी बाई वर्गात दिसल्या, की लहान मुलाला वाटते, आपलेच काही चुकले.

संस्थाचालकांनाही तितक्याच आदराने सांगतो. मुदत मागायची तर सन्मानाने निरोप देण्याची तयारी हवी. मूळ प्रमाणपत्रे अडवून, अनुभवाचा दाखला रखडवून किंवा शेवटचा पगार थकवून माणूस थांबत नाही. फक्त नाव खराब होते, आणि पुढचा उमेदवार येण्याआधी चौकशी करतो. ग्रॅच्युइटीचा कायदा 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांनाही, 3 एप्रिल 1997 पासून पूर्वलक्षी प्रभावाने, लागू झाला. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरवली. सलग पाच वर्षे सेवा करून राजीनामा देणाऱ्यालाही ती रक्कम मिळते. ते देणे असते, मेहेरबानी नव्हे. आणि व्यवस्थापनाला कोणाला कमी करायचे असेल, तर ज्या मुदतीची अपेक्षा आपण शिक्षकाकडून करतो, तीच आपणही पाळली पाहिजे.

शेवटी माजी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडे वळतो. शिक्षक का जातात याचे उत्तर पुष्कळदा घरभाड्याच्या पावतीवर लिहिलेले असते. ज्यांचे या शहरात बस्तान बसले आहे, त्यांनी नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी परवडणारी खोली मिळवून दिली, तरी पुष्कळ राजीनामे लिहिलेच जाणार नाहीत. तुमच्यापैकी निवृत्त झालेल्यांनी आणि ज्यांना विषय येतो त्यांनी आपली नावे मुख्याध्यापकांकडे नोंदवावीत. मुदत संपली आणि जागा भरली नाही, तर ते रिकामे आठवडे कोणीतरी सांभाळले पाहिजेत. आणि जे शिक्षक ही शाळा सोडून गेले, त्यांतल्या ज्यांचे पत्ते तुमच्याजवळ आहेत, त्यांना या स्मरणिकेची एक प्रत अवश्य पाठवा. साठ वर्षांत त्यांच्याही तासांचा हिशेब आहे.