गिटार, ध्वनिवर्धक आणि शेजारधर्म

देवनार हें एके काळीं मुंबईबाहेरचें खेडें होतें. आज गोवंडी स्टेशनावरून तिकडे वळलें कीं इमारतीला इमारत लागलेली दिसते. अशाच एखाद्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण विजेची गिटार घेऊन बसतो. एका भिंतीपलीकडे दहावीचा अभ्यास चाललेला असतो. दुसऱ्या भिंतीपलीकडे एक वृद्ध गृहस्थ वामकुक्षी घेत असतात. याच तरुणाला महिन्या-दोन महिन्यांनीं ड्रमवाल्या मित्राच्या जोडीनें लोकांसमोर वाजवावयाचें असतें. घरांत कुजबुज आणि व्यासपीठावर गर्जना! त्यानें ध्वनिवर्धक कोणता घ्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विजेच्या गिटारीचा स्वर तारांइतकाच ध्वनिवर्धकांतही घडतो. फेंडर, मार्शल यांच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांचा भरदार, किंचित फाटलेला स्वर रसिकांस प्रिय आहे. परंतु तो येण्यास व्हॉल्व्ह जोरानें चालवावे लागतात. स्वर हवा, तर गोंगाटही पत्करावा, अशी ती अडचण. मॉडेलिंग ध्वनिवर्धकानें ती पुष्कळशी दूर केली. त्यांतील चिप जुन्या यंत्रांच्या वर्तनाचें गणित करून हलक्या आवाजांतही तसाच स्वर उमटविते. लाइन सिक्स कंपनीनें १९९६ सालीं असा ध्वनिवर्धक बाजारांत आणला.

खरेदी करणारा पुष्कळदां वॉटच्या आंकड्यास भुलतो. पन्नासाऐवजीं शंभर वॉट घेतले, तर आवाज दुप्पट होत नाहीं. तो अवघा ३ डेसिबलनें वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यास शक्ति सुमारें दसपट लागते. म्हणून यंत्र किती मोठें ओरडतें याबरोबरच तें किती हळू बोलूं शकतें, हेंही पाहावें. बॉसच्या कटाना ५० या ध्वनिवर्धकांत १२ इंची स्पीकर असून त्याची शक्ति ५०, २५ किंवा अर्ध्या वॉटवर ठेवितां येते. घरीं अर्धा आणि मित्रमंडळींत पन्नास, असा त्याचा दुहेरी उपयोग होतो. उलट, यामाहानें २०११ सालीं काढलेला टीएचआर १० हा १० वॉटचा, ८ सेंटिमीटरच्या दोन स्पीकरांचा. तो टेबलावर गोड वाजतो. पण ड्रमपुढें त्याचा टिकाव लागणें कठीण. ज्याला घराबाहेर वाजवावयाचेंच नाहीं, त्यानें मोठ्या यंत्राचा खर्च व भार कां वाहावा?

येथें एक फसगत संभवते. फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज हलका असतां कानाला खर्ज फार कमी ऐकूं येतो. त्यामुळें घरीं वाजविणारा खर्ज वाढवून ठेवितो, आणि तीच मांडणी व्यासपीठावर घुमूं लागते. यास्तव घरची व कार्यक्रमाची मांडणी यंत्रांत निरनिराळी सांठवावी, व दुसरी मोठ्या आवाजांतच ठरवावी.

दुकानांत जातांना स्वतःची गिटार न्यावी. प्रथम सर्व अलंकार बंद करून साधा स्वर ऐकावा, तोही अगदीं हळू. शेंकडों नकलांच्या यादीपेक्षां रोज लागणारे दोन-तीन स्वर चांगले असणें महत्त्वाचें. हेडफोनची सोय अवश्य पाहावी. बाहेर वाजवावयाचें असल्यास सभागृहाच्या ध्वनियंत्रणेस जोडण्याची सोयही असावी. मग मोठ्या सभागृहासाठींही थोर यंत्र वाहून नेण्याचें कारण उरत नाहीं.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण शेजारधर्म नियमाच्याही आधींचा. खर्ज भिंतींतून व जमिनींतून सहज पलीकडे जातो. म्हणून यंत्र भिंतीस टेकवूं नये, खालीं जाड रबर घालावें, आणि रात्रीं हेडफोन लावावा. तरुणाचा रियाज चुकूं नये, आणि पलीकडच्या मुलाचा अभ्यासही चुकूं नये. ज्या यंत्रानें हीं दोन्ही साधतात, तेंच त्या घरासाठीं उत्तम यंत्र होय.