कुशावर्तावरून येणारं चित्र

सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी शैव आखाड्यांचे साधू कुशावर्तावर स्नानाला उतरतात, तेव्हा ऐन पावसाळा असतो. वरून सरींवर सरी, कुंडातलं पाणी ढवळून निघालेलं, नागा साधूंच्या अंगावरचं भस्म त्यात विरघळतंय, झेंडूच्या पाकळ्या हेलकावताहेत आणि पायऱ्यांवर माणसांची दाटी. टीव्हीवर नेमकं हेच दृश्य आलं की चित्र फुटतं. पाण्याच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात, लांबचे चेहरे एकमेकांत मिसळतात.

असं का होतं? हाय डेफिनिशनच्या एका चित्रात वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. स्टुडिओच्या मानकाप्रमाणे ही माहिती सेकंदाला जवळजवळ दीड अब्ज बिट भरते. आपल्या घरी पोचतो तो तिचा शंभरावा हिस्सासुद्धा नसतो. मधली काटछाट कॉम्प्रेशन करतं. मागच्या चित्रातलं जे हललं नाही ते पुन्हा पाठवायचं नाही, यावर त्याची मोठी मदार. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत हलत नाही, तिथे हे छान जमतं. कुशावर्तावर त्या दिवशी स्थिर असं काही नसतंच.

म्हणून माझा आग्रह आहे, की निदान कुंडावरच्या मुख्य कॅमेऱ्याचं चित्र मुंबईच्या स्टुडिओपर्यंत न दाबता जावं. घरोघरी ते शेवटी दाबूनच जाणार, हे खरं. पण दाबलेलं उघडायचं, त्यावर काम करायचं, पुन्हा दाबायचं, यात दर फेरीला काहीतरी गळतं. आणि हा सोहळा पुन्हा यायला बारा वर्षं लागतात.

कॅमेऱ्याची तांब्याची केबल हे चित्र जेमतेम शंभरेक मीटर नेते. पुढचे सुमारे दोनशे किलोमीटर काचेच्या तंतूचे, म्हणजे ऑप्टिकल फायबरचे. चांगल्या तंतूतही ५० किलोमीटरला प्रकाशाचा दहावा हिस्साच उरतो, म्हणून वाटेत अर्बियम मिसळलेल्या तंतूचे वर्धक बसवून तो वाढवतात. त्र्यंबक ते मुंबई हे अंतर प्रकाश तंतूतून सेकंदाच्या हजाराव्या भागात तोडतो. उपग्रहाच्या वाटेनं पाव सेकंद लागतो. खर्च वाढेल, हे कबूल. पण प्रकाशाच्या एकाच रंगावर आज सेकंदाला १०० अब्ज बिट सर्रास जातात. त्यात अशी साठाहून अधिक चित्रं मावतात, आणि एका तंतूत असे कितीतरी रंग.

न गाळता पाठवण्याचं मोल आपल्याकडे खगोलशास्त्रज्ञांनी ओळखलं आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांनी टिपलेले आकाशातले क्षीण संकेत ऑप्टिकल फायबरवरूनच मध्यवर्ती इमारतीत येतात. त्यातलं कामाचं काय, हे सगळं एकत्र आल्यावरच ठरतं.

खरी भीती जेसीबीची. सिंहस्थ आला की रस्ते खोदले जातात, आणि केसाएवढ्या जाडीचा तंतू एका फटक्यात तुटतो. मग पावसात ताडपत्रीखाली बसून, दोन्ही टोकं सोलून, पुसून, स्प्लाइसिंग मशीनच्या ठिणगीनं जोडायची. तेवढ्यात स्नान उरकलेलं असतं. यावर उपाय आहे. तेच चित्र एकाच वेळी दोन वाटांनी पाठवायचं: एक नाशिक, कसारा घाटातून, दुसरी मोखाडा, जव्हारकडून. एका वाटेवरचा तुकडा हरवला, तर पलीकडचं यंत्र दुसऱ्या वाटेवरचा उचलतं. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. दोन्ही वाटा त्या वर्षीच्या मे महिन्यातच, पाऊस लागण्याआधी, पूर्ण भारानं चालवून बघायला हव्यात. मुंबईत साठवणीची सोयही तेव्हाच करावी लागेल, कारण अशा एका तासाच्या चित्राला साडेचारशे गिगाबाइटांहून जास्त जागा लागते.