मैदान एका संध्याकाळचं, तालीम वर्षभराची

सोलापूरकर मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'कुस्ती आणि चरितार्थ'. शाहू महाराजांचा राजाश्रय, 1912 चं खासबाग मैदान, 1961 पासूनची महाराष्ट्र केसरी हे तुम्हाला पाठ आहे. पुढच्या रांगेतले काही कान पाहिले, तर माझ्यापेक्षा जास्तच पाठ असावं. (हशा) म्हणून थेट पैशावर येतो.

पैलवानाला पैसा मिळतो तीन वाटांनी: इनाम, नोकरी आणि मानधन. तिन्ही वाटा तो घडल्यावर उघडतात. घडण्याच्या दहा-बारा वर्षांत बदाम, तूप, दूध कोण देतं? बाप. आणि शिकवतो कोण? वस्ताद, तोही फुकट. माझं म्हणणं एवढंच आहे, की कुस्तीतला पहिला पगार वस्तादाचा असला पाहिजे.

खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं, 1952 चं ब्राँझ तुम्हाला ठाऊक आहेच. मी त्यातला हिशोब सांगतो. त्यांना तिथं पाठवायला त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आलेल्या खाशाबांनी कोल्हापुरात मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून ते ऋण फेडलं. पोटापाण्याची सोय झाली ती 1955 साली, पोलीस खात्यात फौजदार म्हणून. अर्जुन पुरस्कार तर मरणोत्तर! वयोवृद्ध मल्लांचं मानधन अडीच हजारांवरून साडेसात हजार करण्याची घोषणा 2023 साली झाली. चांगलंच झालं, पण तेही म्हातारपणी.

आता आपल्याकडचं यात्रेचं मैदान आठवा. दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात. हलगी कडाडते. पंच दोन पोरांचे हात धरून फेरी मारतो, माईकवरून देणगीदाराचं नाव तीनदा पुकारलं जातं. देणगीदार नाव ऐकायला उभा राहतो, कुस्ती बघायला नाही! (हशा) पोरानं घिस्सा मारून दुसऱ्याला चितपट केलं, की तो अंगावरच्या मातीसकट कडेकडेनं फिरतो. कुणी दहा देतं, कुणी वीस. घामानं ओल्या झालेल्या त्या नोटा तो वस्तादाच्या हातात ठेवतो. वस्ताद मोजत नाही, उपरण्याच्या टोकाला गाठ मारतो. रात्री त्याच गाठीतून जीपचं भाडं आणि पोरांचं जेवण. वस्तादाच्या वाट्याला सत्काराचा नारळ आणि टोपी. माझ्या वस्तादांच्या घरी असल्या टोप्यांची उतरंड होती...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! वेळ संपला की कुस्ती बरोबरीत सोडवतात, पण मी निकाल लावूनच उतरणार. (टाळ्या)

मागून कुणीतरी विचारलं, "मास्तर, तुमचा मुलगा?" तो हिंजवडीत आहे. कुस्ती करायचा, सोडली. शिक्षकाच्या पगारात दोघांचं शिक्षण बसत होतं, एकाचा खुराक बसत नव्हता. यात लाजायचं काय? उलट तोच माझा पुरावा आहे.

करमाळा तालुक्यातल्या खडकीचा बाला रफीक शेख 2018 ला, मोहोळचा सिकंदर शेख 2023 ला महाराष्ट्र केसरी झाला. आपण फलक लावले. पण त्यांना घडायला जावं लागलं कोल्हापूरला, न्यू मोतीबाग आणि गंगावेस तालमीत. आपल्या पेठांत तालमींची नावं कमी आहेत का? पाणीवेस, पत्रा, थोरला मंगळवेढा! मिरवणुकीत ही नावं गाजतात, तशी पहाटे जोर-बैठकांनीही गाजू देत.

नोकऱ्यांचं राहिलंच, ते पुन्हा कधीतरी. गावोगावच्या यात्रा कमिट्यांना एकच विनंती आहे. मैदानाच्या वर्गणीतला चौथा हिस्सा आधी बाजूला काढा आणि त्यातून वस्तादाला दरमहा पगार द्या. शेवटच्या जोडीचं इनाम तेवढं कमी होईल, होऊ द्या. यंदा तुमच्या गावची यात्रेची बैठक बसेल तेव्हा हा ठराव मांडा, आणि वह्या उघडून हिशोब मागा.