पुण्याच्या तालमी आणि आपला मल्लखांब
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्ही चौघांनी मिळून काही बोलावे, अशी कार्यकारिणीची इच्छा होती आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविण्यात आली होती. कारखान्याच्या नोकरीत आमची उमेद सरली, एकाच सेक्टरमध्ये शेजार झाला आणि मंडळाच्या कार्यकारिणीतही आम्ही बहुधा एकत्रच निवडून आलो. म्हणून आज बोलणारा एक असला तरी मजकूर चौघांचा आहे, आणि पुढे जी कबुली द्यावयाची आहे तीही चौघांचीच आहे.

आरंभ एका लहानशा प्रश्नाने झाला. आमच्यापैकी एकाचा नातू येथे कराटे शिकतो. पांढरा पोशाख आणि पिवळा पट्टा बांधून तो एका संध्याकाळी क्लासातून परतला आणि त्याने विचारले, "आजोबा, हे जपानचं आहे. आपल्याकडे असं काही नव्हतं का?" आजोबांनी शिवाजी महाराजांचे नाव घेतले, बाजीप्रभूंचे घेतले. नातवाने शांतपणे ऐकून पुन्हा विचारले, "ते शिकवतात कुठे?" यावर आजोबा निरुत्तर झाले. दुसऱ्या दिवशी हा प्रश्न आम्हा चौघांपुढे आला तेव्हा आम्हीही निरुत्तर झालो.

पुढे हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने पुण्यास जाण्याचा योग आला. दुर्गला आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये बसलो, तेव्हाच ठरविले होते की या खेपेस शनिवारवाडा आणि पर्वती नको, लग्नापूर्वीचे चार दिवस पेठांतील तालमी पाहण्यात घालवावयाचे. मुलाबाळांना हा बेत विक्षिप्त वाटला. जपान, चीन, थायलंड या देशांत जाणारे प्रवासी तेथील युद्धकलांच्या शाळा आवर्जून पाहतात. मग आपण आपल्याच माणसांच्या नगरात त्याच कुतूहलाने का हिंडू नये, एवढेच आमचे म्हणणे होते.

पहिल्या दिवशी भल्या पहाटे शुक्रवार पेठेतील एका जुन्या तालमीपाशी उभे राहिलो. दार ठेंगणे असल्यामुळे वाकूनच आत जावे लागते. आत शेंदूर माखलेला मारुती, भिंतीशी मांडून ठेवलेली मुद्गले आणि करेले, आणि मध्यभागी तांबड्या मातीचा हौद. ही माती नुसती माती नसते. चाळून घेतलेल्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल आणि कापूर मिसळून ती मुरवितात, म्हणून घामेजलेल्या अंगाला ती बाधत नाही आणि तिचा वासही निराळा येतो. दहाबारा मुले लांग कसून जोर-बैठका काढीत होती. एकाने हौदात उतरण्यापूर्वी मातीला हात लावून तो कपाळी नेला. वस्ताद एका कोपऱ्यात उभे होते. ते फारसे बोलत नव्हते. मधूनच एखाद्या मुलाच्या मानेवर हात ठेवून ती किंचित खाली दाबीत आणि पुढे जात. तेवढ्याने त्या मुलाचा पवित्रा बदलत असे.

थोड्या वेळाने आम्ही विचारले, "वस्ताद, आता कुस्त्या मॅटवर होतात. मग मातीचा उपयोग काय?"

ते हसले. "काका, स्पर्धेला मॅटच लागते, आम्हीही पोरांना तिकडे पाठवतो. पण पडायला शिकवायला माती बरी. पोराला एकदा पडायची भीती गेली की बाकीचं शिकवता येतं."

हे उत्तर ऐकताना खाशाबा जाधवांची आठवण झाली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीतच घडला आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये मॅटवर त्याने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

दुसऱ्या दिवशी गंज पेठेत गेलो. तेथे लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. लहुजींचा जन्म १७९४ सालचा. त्यांचे वडील राघोजी १८१७च्या खडकीच्या लढाईत पडले आणि पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली. मातंग समाजातील या वस्तादाने तालमीत तरुणांना दांडपट्टा आणि नेमबाजी शिकविली. जोतीराव फुले त्यांच्याचकडे दांडपट्टा शिकले. ज्या काळात गावकुसाबाहेरच्या माणसाची सावलीही टाळली जाई, त्या काळात एक माळी समाजातील तरुण मातंग वस्तादापुढे शिष्य म्हणून उभा राहतो, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही डावपेचाहून मोठी वाटली. ज्या दांडपट्ट्याचे ते शिक्षण होते, त्याचे पाते लांब आणि लवचीक असते आणि कोपरापर्यंतचा हात झाकणारी लोखंडी मूठ त्याला असते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली याच दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मल्लखांब पाहिला, आणि येथून पुढचे भाषण त्याच्याविषयीच आहे.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा लाकडी प्रतिस्पर्धी. शिसवी किंवा सागवानी लाकडाचा, जमिनीवर अडीच मीटरांहून थोडा उंच, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता होत जाणारा. त्याचे भाग माणसाच्या देहावरून ओळखले जातात: खाली अंग, त्यावर मान आणि माथ्यावर बोंड. त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे कातडी सोलवटत नाही आणि पकडही सुटत नाही. त्यावर उड्या, अढ्या, वेल, फरारे, ताजवे करताना मुलगा खांबाशी झुंजतो आहे की त्याच्याशी खेळतो आहे, हे कळेनासे होते. शेजारी मुली दोरीच्या मल्लखांबावर सराव करीत होत्या. पूर्वी दोरीच्या जागी वेत असे. वेत दुर्मिळ झाला आणि सुती दोर आला. आठनऊ वर्षांची एक मुलगी दोराला पायाच्या अंगठ्यात धरून, दोन्ही हात मोकळे सोडून, उलटी स्थिर राहिली तेव्हा आमच्यापैकी एकाने नकळत डोळे मिटून घेतले.

या विद्येचा इतिहास आपण सर्वांनी ऐकण्याजोगा आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लविद्येच्या प्रकरणात खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख सापडतो. पुढे ती मागे पडली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तिला पुन्हा उभे केले. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान स्वीकारून बाळंभटांनी तयारीसाठी मुदत मागितली, ते सप्तशृंगीच्या रानात गेले आणि तेथे मारुतीने वानररूपाने त्यांना खोडावरचे डाव दाखविले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पुढचा भाग इतिहासाचा आहे. १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्तास गेले आणि त्यांच्यामागोमाग मल्लखांबही गंगेच्या काठी गेला. तेथून शिष्यपरंपरेने तो काशीस पोहोचला. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांनी अनेक देशी व्यायामप्रकारांबरोबर तो जोपासला. त्याच बडोद्यात आबासाहेब मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये, ऑलिंपिकच्या वेळी, भारतीय खेळ करून दाखविले.

ही गावे पाहत गेलो म्हणजे ध्यानात येते की मल्लखांबाला एकाच मातीचा आग्रह नाही. ज्या गावी त्याला शिकविणारा माणूस मिळाला, त्या गावी तो रुजला. जपानातही असेच घडले. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने १८८२ साली टोकियोतील एका देवळात बारा चटयांवर ज्यूदो शिकविण्यास प्रारंभ केला. जुन्या झुंजविद्येतील घातक भाग त्याने बाजूला काढला, उरलेल्या भागाला शाळेसारखी शिस्त लावली, आणि १९६४ साली ती कला टोकियोच्याच ऑलिंपिकमध्ये आली. कराटे तर मूळचे ओकिनावाचे. तेही शिक्षकांच्याच पायांनी टोकियोला आले आणि तेथून आमच्या नातवापर्यंत पोहोचले.

आता कबुलीकडे येतो. मैदानावरच्या वस्तादांनी आमची चौकशी केली. आम्ही भिलाईचे, हे ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे छत्तीसगडचे! काका, मग तुमच्या नारायणपूरची पोरं पाहिलीत ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्हाला काहीच ठाऊक नव्हते.

तेव्हा त्या पुणेकराने आम्हा छत्तीसगडवासीयांना सांगितले, ते असे. बस्तरमधील नारायणपूरला, अबूझमाडच्या पायथ्याशी, पोलिस दलातील मनोज प्रसाद या जवानाने आदिवासी मुलामुलींना मल्लखांब शिकविण्यास घेतले. ज्या भागाचे नाव वर्तमानपत्रात बहुधा चकमकीच्याच बातमीत येई, त्या भागातील ही मुले राष्ट्रीय स्पर्धांतून पदके घेऊन येऊ लागली. २०२३ साली दूरचित्रवाणीवरील 'इंडियाज गॉट टॅलेंट' या स्पर्धेत अबूझमाड मल्लखांब अकादमीचा संघ पहिला आला. ते सारे सांगून झाल्यावर वस्ताद म्हणाले, "आमच्या पोरांना मी त्यांचे खेळ दाखवतो. बघा म्हणतो, असं करायचं."

नारायणपूर येथून साधारण दोनशे किलोमीटरांवर आहे. रावघाटच्या लोहखनिजाकडे आपल्या कारखान्याची नजर कित्येक वर्षे लागलेली आहे, आणि आम्ही नोकरीत असताना रावघाटचे नाव घेतल्याखेरीज एकही मोठी बैठक पार पडत नसे. त्याच परिसरात उभा राहिलेला मल्लखांब मात्र आम्हाला पुण्यात जाऊन कळावा!

परंतु याहून मोठी लाज पुढेच आहे. जुन्या सभासदांना आठवत असेल की आपल्या मंडळाच्या आवारात, पूर्वेच्या भिंतीशी, एक मल्लखांब होता. मंडळ स्थापन झाल्यावर थोड्याच वर्षांत तो पुरला गेला. अमरावतीस शिकून आलेला आमचा एक सहकारी दिवसपाळी आटोपली की थेट तेथे येई आणि सेक्टरमधल्या मुलांना गोळा करी. त्यात मराठी मुले होती, तशीच तेलुगू, बंगाली, मल्याळी आणि छत्तीसगढी मुलेही होती. पुढे तो निवृत्त होऊन गावी गेला. मुले कमी होत गेली. मग एका वर्षी गणेशोत्सवातील नाटकांसाठी रंगमंच वाढविण्याची टूम निघाली आणि मल्लखांब आड येऊ लागला. तो काढून टाकण्याचा ठराव आम्ही चौघांपैकी एकाने मांडला, दुसऱ्याने त्यास अनुमोदन दिले, आणि उरलेल्या दोघांनी हात वर केला. ठराव एकमताने संमत झाला. त्या सहकाऱ्याला साधे एक कार्डही आम्ही टाकले नाही. काही वर्षांनी तो वारला. त्याला हे कळले होते की नाही, हे विचारण्याची सोयही आता उरलेली नाही.

रंगमंच वाढला, नाटके झाली, बक्षिसेही मिळाली. त्याबद्दल आम्हाला खेद नाही. खेद याचा आहे की खांब दहा पावले सरकवून पुन्हा पुरता आला असता, आणि ते त्या सभेत कोणालाही सुचले नाही. एखादी गोष्ट आपलीच आहे म्हटल्यावर ती कोठेतरी कोणीतरी सांभाळीतच असेल, अशी आपली समजूत होऊन बसते. पुण्यात असेलच, कोल्हापुरात असेलच, असे आम्ही मनाशी म्हणत राहिलो, आणि नातवाने "शिकवतात कुठे?" म्हणून विचारले तेव्हा आमच्यापाशी आमच्याच अंगणाचा पत्ता उरला नव्हता.

परत आल्यावर आम्ही मंडळाची अडगळीची खोली उघडून घेतली. खांब तेथे आडवा पडलेला होता. त्याच्यावर संक्रांतीच्या वाणाची खोकी आणि फाटके पडदे रचलेले होते. खोकी उतरवून लाकूड तपासले. बुंध्याकडचा, जमिनीत पुरला जाणारा भाग वाळवीने खाल्ला आहे, तो पुन्हा उपयोगी पडणार नाही. मान आणि बोंड मात्र अद्याप गुळगुळीत आहेत. हाताला किंचित चिकटपणा लागला. तो एरंडेलाचा की आमच्या मनाचा, यावर आम्हा चौघांत अजून एकमत नाही.

म्हणून या व्यासपीठावरून आम्ही एक प्रस्ताव मांडीत आहोत. सुवर्णमहोत्सवाची स्मृती म्हणून संगमरवरी शिळा बसविण्याचा विचार चालू आहे. शिळेस आमचा विरोध नाही, परंतु त्याआधी पूर्वेच्या भिंतीशी, जेथे आज स्कूटरी उभ्या राहतात, तेथे नवा मल्लखांब पुरावा. त्याचा संपूर्ण खर्च आम्ही चौघे देऊ. तो ठराव आमचा होता, तेव्हा भरपाईही आमचीच असावी. मुलींसाठी शेजारी दोराचीही सोय असावी, आणि मराठी मुलांपुरते हे अंगण पूर्वीही नव्हते, पुढेही नसावे.

राहिला प्रश्न शिक्षकाचा, आणि खरा प्रश्न तोच आहे. आमची सूचना अशी आहे की त्यासाठी आपण पुण्याकडे पाहू नये. मंडळाचे पत्र घेऊन नारायणपूरला जावे आणि तेथे शिकून तयार झालेल्या एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने येथे येऊन आपल्या मुलांना शिकवावे, अशी विनंती करावी. पेशव्यांच्या पुण्यातून निघालेली विद्या गोंड-माडिया मुलांकडून आपल्या नातवंडांनी शिकावी, यात कमीपणा नाही. गंज पेठेत जोतीराव फुले लहुजींपुढे उभे राहिले होते, त्याची आठवण त्या दिवशी आपण ठेवावी.

पत्राचा मसुदा आम्ही सोबत आणला आहे. अध्यक्षांनी अनुज्ञा दिल्यास सभा संपल्यावर त्यावर सह्या घेता येतील. पहिल्या चार सह्या आमच्या आहेत. पाचवी, अजून नीट जोडाक्षरे न येणाऱ्या हाताची, पिवळ्या पट्ट्याच्या त्या विद्यार्थ्याची आहे.