पोस्टरवरची मासाई बाई

स्त्रियांच्या सुंतेविरुद्धच्या मोहिमांत मासाई बाई बहुधा एकाच वेशात भेटते. अंगावर लाल शुका, गळ्यात मण्यांच्या रुंद चकत्या, मुंडण केलेले डोके, मागे कोरडे माळरान. आणि शेजारी एखाद्या म्हातारीच्या चिमटीत दाढीचे पाते. चित्र खोटे नाही. केनियातील काजियाडो व नारोक भागांत आणि उत्तर टांझानियात ही प्रथा आहे. तिच्यापायी मुली रक्तस्रावाने दगावतात, बाळंतपणे अवघड होतात. दोन्ही देशांत तिच्याविरुद्ध कायदे आहेत आणि ते असायलाच हवेत.

तरीही या विषयाचा चेहरा मासाईच का, हे विचारण्याजोगे आहे. केनियाच्या 2014 च्या लोकसंख्या व आरोग्य पाहणीत सुंता झालेल्या स्त्रियांचे प्रमाण सोमाली समाजात 94 टक्के, सांबुरूंत 86, किसींत 84 आणि मासाईंत 78 होते. किसी हे डोंगराळ भागातले शेतकरी. त्यांच्याकडे हे काम पुष्कळदा नर्सच करते. पण नर्सच्या गणवेशाने कोणी हादरत नाही आणि देणगीही निघत नाही. मासाईंना मात्र पर्यटनाच्या जाहिरातींनी आधीच जगाच्या ओळखीचे करून ठेवले आहे. सिंह, बाभळी, भाला घेतलेला मोरान म्हणजे तरुण योद्धा या चित्रमालेत दाढीचे पाते अलगद बसते.

चित्रात न मावणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. मा भाषेत मुलाच्या आणि मुलीच्या विधीला एकच शब्द आहे, एमुराता. या विधीनंतर मुलगी बाई ठरते, लग्नाला योग्य ठरते. त्याआधी तिला दिवस गेले तर घरादाराची नाचक्की. विधीचा हट्ट धरणारी आई हा हिशेब करत असते. मोहिमेच्या पत्रकात तिच्यासाठी ‘अज्ञानी’ एवढाच शब्द असतो. जून 2014 मध्ये काजियाडोत मासाई बायका बंदीविरुद्धच रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांना कोणत्या चौकटीत बसवावे हे मोहिमवाल्यांना कळेना.

दुसरी चौकट वाचवलेल्या मुलीची. केनियातल्या मासाई कार्यकर्त्या काकेन्या न्ताइया यांची गोष्ट तशीच सांगितली जाते. प्रत्यक्षात त्या सुटल्या नव्हत्या. त्यांनी सौदा केला होता. पुढे शिकू देणार असाल तर विधी करून घेते, असे त्यांनी वडिलांना सांगितले आणि दोघांनीही शब्द पाळला. अमेरिकेत शिकून त्यांनी 2009 मध्ये एनोसाएन या आपल्या गावी मुलींची शाळा काढली. सुटकेच्या कथेत हा सौदा अडचणीचा ठरतो, कारण त्यात बाप निव्वळ खलनायक उरत नाही.

केनियातल्याच मासाई कार्यकर्त्या अ‍ॅग्नेस पारेयो यांचे साधन तर पोस्टरच्या अगदी उलटे. स्त्रीच्या जननांगाची लाकडी प्रतिकृती, तिचे भाग सुटे होणारे. ती घेऊन त्या गावोगाव पायी फिरल्या आणि काय कापले जाते, त्याने पुढे काय होते, हे आयांना व मुलींना दाखवत राहिल्या. नारोकमध्ये त्यांनी मुलींसाठी निवाराही उभारला. त्या लाकडी तुकड्याला चेहरा नव्हता, म्हणून कोणाची मान खाली गेली नाही.

मुंबईत जन्मलेल्या स्त्रीवादी अभ्यासक चंद्रा तळपदे मोहंती यांनी ऐंशीच्या दशकातच दाखवले होते, की पाश्चात्त्य लेखनात तिसऱ्या जगातल्या बायकांची एकच एक सोशिक बाई होऊन बसते. त्यांच्या उदाहरणांत सुंतेवरचे लेखनही होते. मानववंशशास्त्रज्ञ डोरोथी हॉजसन यांना टांझानियातल्या मासाई बायकांकडून ऐकायला मिळाले ते जमीन, पाणी, शिक्षण आणि गरिबीबद्दल. सुंता त्यांच्या यादीत वर नव्हती. आपल्याकडेही, मुंबईतल्या दाऊदी बोहरा समाजातल्या मुलींच्या खतन्याविरुद्ध (सुंतेविरुद्ध) बोहरा स्त्रियाच बोलल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. ती चर्चा पात्याच्या फोटोवाचून झाली.

मराठी नियतकालिकांत हा विषय बहुधा भाषांतरातून येतो, फोटोही तिकडूनच. असा फोटो छापताना त्या बाईची संमती आणि तिचे म्हणणे सोबत असावे. ते मिळत नसेल तर फोटो छापू नये.